एकच प्रश्न तीनदा

प्रयोगशाळेत शिरण्याआधी ते चपला बाहेर काढायचे. दारावर पाटी असायची की पायात बंद बूट असल्याशिवाय आत येऊ नये, आणि हे गृहस्थ त्या पाटीखालीच चपला जोडून ठेवायचे आणि अनवाणी आत जायचे. सुरक्षेचं पाहणारा माणूस मागे धावायचा. मग पायांना निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या बांधून पुढचा कारभार व्हायचा. संशोधन केंद्रातल्या लोकांना वाटलं, ही त्यांची श्रद्धा असावी. नैरोबीहून आलेल्या अर्थतज्ज्ञ बाईंना वाटलं, सुरक्षेचे नियम पाळले जातात की नाही हे ते तपासताहेत. त्यांनी तसं आपल्या वहीत लिहूनही घेतलं. मी सरळ त्यांनाच विचारलं.

"चप्पल शेतातून आली, म्मा. शेतातली माती आत कशाला न्यायची?" ते म्हणाले. म्मा हे त्यांचं तमिळ वळणाचं संबोधन, आपल्या 'अगं'सारखं.

त्या दिवशी आम्ही शेतात गेलोच नव्हतो.

त्यांच्या बाबतीत माझं सगळं असंच झालं आहे. पंधरा दिवस मी त्यांच्या शेजारी बसून त्यांचा शब्द न् शब्द लिहून घेतला, आणि तरी त्यांच्याविषयी एक वाक्य ठामपणे लिहायला बसले की पेन थांबतं.

मी मूळची परभणीकडची. कृषी पदवीधर, पण पदवीचा उपयोग होण्याआधीच लग्न झालं आणि नवऱ्याच्या मोटार कारखान्यातल्या नोकरीमुळे चेन्नईला आले. वर्षभर घरात बसून कंटाळल्यावर नुंगंबाक्कममधल्या एका लहानशा सल्लागार कंपनीत मला काम मिळालं. मोठमोठ्या संस्थांचं मूल्यमापन करायला बाहेरून तज्ज्ञ येतात, त्यांची व्यवस्था पाहणं हा आमच्या कंपनीचा धंदा. तिकिटं, वेळापत्रक, बैठकांच्या नोंदी, अहवालाचा मसुदा. तांबरमच्या पुढे, रेल्वेमार्गापासून बरंच आत, भरडधान्यांवर काम करणारं एक आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र होतं. नाचणी, वरी, राळा, कोद्रा अशी धान्यं. दर काही वर्षांनी तिथे एक्स्टर्नल रिव्ह्यू व्हायचा. बाहेरच्या तज्ज्ञांचं पॅनेल पंधरा दिवस येऊन केंद्राचा कारभार तपासायचं आणि अहवाल द्यायचं. त्या अहवालावर पुढचा निधी ठरायचा, आणि निधीवर तिथल्या बऱ्याच लोकांच्या नोकऱ्या. त्या वर्षी पॅनेलमध्ये तिघे होते. नैरोबीच्या बाई, प्रशासन पाहणारे एक कॅनडाचे गृहस्थ, आणि अध्यक्ष म्हणून हे. मी पॅनेलची सेक्रेटरी.

कागदपत्रं पोहोचवायला मी पहिल्यांदा त्यांच्या वेस्ट मांबलमच्या फ्लॅटवर गेले. दार त्यांनीच उघडलं. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, वय पंचाहत्तरच्या आसपास. माझं आडनाव त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मराठी काय? मग बैस. कोठली तूं?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. पोथी वाचावी तसे शब्द, आणि प्रत्येक वाक्याचं शेपूट तमिळसारखं वर गेलेलं. मग कळलं की ही त्यांची घरची भाषा. पूर्वज कधीकाळी तंजावरला आले आणि तिथलेच झाले. महाराष्ट्रात ते आयुष्यात एकदाच गेले होते, पुण्याला, कसल्याशा परिषदेसाठी. "तिथले लोक माझी मराठी ऐकून हसले. मग मी त्यांच्याशी इंग्रजीत बोललो. त्यांची हसण्याची सोय गेली." हे सांगताना ते स्वतः मात्र हसले नाहीत.

मी त्यांना सर म्हटलं तर हात हलवून म्हणाले, "घरच्या भाषेत बोलतेस, मग घरचं नाव घे. मामा म्हण." तेव्हापासून चारचौघांत इंग्रजीत सर आणि एरवी मामा. त्यांचं बोलणं मी इथे बहुतेक माझ्याच मराठीत लिहिते आहे. त्यांचं जसंच्या तसं उतरवणं मला जमायचं नाही. तेव्हाही पुष्कळदा कळायचं नाही, आणि कळलं नाही असं सांगायची मला लाज वाटायची.

केंद्राने त्यांच्यासाठी गाडी ठेवली होती. त्यांनी ती परत पाठवली. "ज्याच्या गाडीत बसावं त्याच्याविषयी वाईट लिहवत नाही," असं त्यांचं म्हणणं. म्हणून रोज सकाळी मी मांबलम स्टेशनवर त्यांना गाठायचे, आम्ही लोकलने तांबरमला जायचो आणि तिथून बसने पुढे. नैरोबीच्या बाई आणि कॅनडाचे गृहस्थ हॉटेलमधून एसी गाडीने यायचे आणि आमच्या आधी पोहोचून कॉफी घेत बसलेले असायचे.

केंद्राने स्वतःविषयी लिहिलेला अहवाल चांगला जाडजूड होता, पुढे रंगीत फोटो. मामा तो मागून वाचायचे. परिशिष्टं, तक्ते, वाहनांची यादी, सुट्ट्यांची यादी, आणि मग हळूहळू पुढे. प्रस्तावनेपर्यंत ते कधी पोहोचले असतील असं वाटत नाही. "यांनी जे लिहिलंय ते यांनी केलंय," ते म्हणायचे, "आणि जे लिहिलं नाही तेही यांनीच केलंय. ते मागच्या पानांत असतं." तिसऱ्या दिवशी त्यांनी एका तक्त्यावर बोट ठेवलं. दोन वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या शेतांवरचे प्रयोग होते, आणि दोन्हीकडचा पाऊस दशांश चिन्हापुढच्या आकड्यापर्यंत सारखा होता. तो तक्ता आमच्यापैकी प्रत्येकाने पाहिला होता. एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. शास्त्रज्ञ घाम पुसत आकडे शोधायला गेला, आणि नैरोबीच्या बाई माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "तुझे हे सर म्हणजे काही औरच आहेत."

त्याच दिवशी संध्याकाळी तांबरमला मामा पुढे झाले आणि उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसले. मी मागोमाग. गाडी सुटली आणि उलट्या दिशेने निघाली. मला वाटलं, कुणाकडे जायचं असेल. दोन-चार मिनिटांनी विचारलं, "मामा, कुठे चाललोय?"

"घरी."

"घर मांबलमला ना? ही गाडी चेंगलपट्टूकडे जाते."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "रिव्ह्यूचं असंच असतं, म्मा. बसल्यावर कळतं कुठे चाललीय ते." आम्ही पुढच्या स्टेशनवर उतरलो आणि परतीची गाडी धरली. ते वाक्य मला इतकं आवडलं की घरी येऊन मी ते नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, "ते ठीक आहे, पण चुकीच्या गाडीत बसले ना?"

आता बियाण्यांविषयी. केंद्राचा सगळ्यांत मोठा अभिमान म्हणजे त्यांची बियाण्यांची बँक. गावोगावच्या शेतकऱ्यांकडून, डोंगरांतल्या वस्त्यांमधून जमवलेले जुने वाण चांदीच्या रंगाच्या पाकिटांत भरून थंड खोल्यांत ठेवलेले. प्रत्येक माहितीपत्रकावर त्या खोलीचा फोटो. तिथल्या प्रमुख पन्नाशी उलटलेल्या एक तमिळ बाई होत्या. अबोल, कपाळाला विभूती, अंगावर साडीवरून स्वेटर. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली.

पहिल्या आठवड्यात आम्ही तिथे गेलो. मामांनी पिशव्या बांधलेल्या पायांनी फळ्यांमधून एक फेरी मारली, एक पाकीट हातात घेतलं आणि इंग्रजीत विचारलं, "हे उगवतं का?"

"होय सर. सगळं मानकांप्रमाणे आहे," मॅडम म्हणाल्या. मी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये मामा म्हणाले, "आज आधी त्यांची बियाण्यांची बँक बघू. मला फार उत्सुकता आहे."

"काल पाहिली ना, मामा."

"हो, हो," ते म्हणाले आणि बाहेर पाहत राहिले. पण केंद्रावर पोहोचताच पाय तिकडेच वळले. मॅडमना त्यांनी नमस्कार केला, आपलं नाव सांगितलं, त्यांना मुलं किती ते विचारलं. तेही काल विचारलं होतं. फेरी मारली, पाकीट उचललं. "हे उगवतं का?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत. "साधारणपणे उगवतं, सर," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नाव, नमस्कार, मुलं, पाकीट. तेच शब्द, आवाजात तीच उत्सुकता. त्यात आव असता तर कुठेतरी दिसला असता. नैरोबीच्या बाई त्या दिवशी आमच्याबरोबर होत्या. मॅडम तिथल्या लोखंडी स्टुलावर बसल्या.

"माहीत नाही, सर," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं चाचणी झालेली नाही."

दर काही काळाने प्रत्येक वाणातलं थोडं बी काढून, ओल्या कागदात ठेवून, ते उगवतं का हे पाहायचं असतं. उगवण कमी झाली की ते पेरून नवं बी धरायचं. नाहीतर थंड खोलीत नुसती पाकिटं राहतात. मॅडमच्या हाताखालची तीन माणसं काढून नव्या इमारतीच्या कामाला लावली होती. त्यांनी वर दोनदा कळवलं होतं. उत्तर आलं नाही. रिव्ह्यूच्या आधी सगळ्या प्रमुखांना बोलावून सांगण्यात आलं की काहीही विचारलं तरी "मानकांप्रमाणे" म्हणायचं.

"माझं नाव घालू नका," त्या म्हणाल्या. मामांनी मान हलवली, पाकीट जागेवर ठेवलं, आणि बाहेर येऊन चपला घातल्या.

नैरोबीच्या बाई भारावून गेल्या होत्या. जेवताना त्यांनी कॅनडाच्या गृहस्थांना सगळं सांगितलं. तोच प्रश्न, त्याच माणसाला, त्याच निरागसपणे पुन्हा पुन्हा विचारायचा, म्हणजे समोरच्याला खोटं बोलणं कठीण होत जातं. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांत अशी पद्धत मी पाहिली नव्हती. दोन दिवसांत ही गोष्ट केंद्रभर झाली. मामा दिसले की लोक गप्प व्हायचे. पावसाच्या तक्त्यावाल्या शास्त्रज्ञाने तर, त्यांनी पुन्हा विचारण्याआधीच, तो तक्ता कसा कॉपी झाला ते सांगून टाकलं.

आणि मी एकटी अशी होते जिने ती चुकीची गाडी पाहिली होती. मला रोज ते माझं माहेर विचारायचे. एकदा त्यांनी मला दुसऱ्याच नावाने हाक मारली, आणि मी ओ दिली, कारण काय करायचं ते कळलं नाही. पण मग दशांश चिन्हापुढचा पाऊस कुणी पकडला? चाळीस वर्षांपूर्वीच्या एका नाचणीच्या वाणाचा क्रमांक त्यांनी तोंडपाठ सांगितला आणि तो बरोबर निघाला. विसरणारा माणूस असा असतो का? मला दोन्ही खरं वाटायचं. सकाळी एक, संध्याकाळी दुसरं.

आठवड्याच्या शेवटी नुंगंबाक्कमच्या ऑफिसात गेले ती बॉसला सांगायचं ठरवूनच. पॅनेलचा अध्यक्षच ठीक नसेल तर अहवालाला अर्थ काय? उद्या कुणी हरकत घेतली तर मॅडमनी जे सांगितलं तेही वाया जाईल. बॉसने स्वतःच विचारलं, "अध्यक्ष कसे आहेत? वय झालंय त्यांचं. सगळं ठीक ना?"

"त्यांची पद्धत जरा वेगळी आहे," मी म्हटलं.

मी असं का म्हटलं याची कारणं मी पुष्कळदा शोधली आहेत. त्यांची पद्धत काम करत होती, हे एक. नोकरी नवी होती, हे दुसरं. आणि त्या शहरात नवऱ्याखेरीज माझ्याशी मराठीत बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. यातलं खरं कारण कुठलं, ते आजही मला सांगता येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात पॅनेलमध्ये वाद झाला. कॅनडाच्या गृहस्थांचं म्हणणं, बियाण्यांची गोष्ट अहवालात ठळक घालायची तर कागदोपत्री पुरावा हवा. नैरोबीच्या बाईंचं म्हणणं, पुरावा मागितला की कुणी सांगितलं ते उघड होईल आणि मॅडमना त्याची किंमत मोजावी लागेल. दोघांनी मामांकडे पाहिलं. मामा कागदाची घडी घालत बसले होते. घडी घातली, उलगडली, परत घातली. शेवटी मसुद्यात एक गुळमुळीत वाक्य गेलं की उगवण-चाचण्यांची वारंवारता वाढवण्याचा विचार व्हावा. ते मीच टाइप केलं.

शेवटच्या दिवशी निष्कर्ष वाचून दाखवायचे असतात. मोठं सभागृह. पुढच्या रांगेत डायरेक्टर, त्यांच्याशेजारी निधी देणाऱ्या संस्थांचे तीन प्रतिनिधी, मागे सगळे विभागप्रमुख. मॅडम शेवटून दुसऱ्या रांगेत होत्या, स्वेटर घालूनच. पडद्यावर माझ्या स्लाइड. मामा उठले, इंग्रजीत सगळ्यांचे आभार मानले, केंद्राच्या कामाविषयी दोन चांगली वाक्यं बोलले. तिसरं वाक्य मराठीत सुरू झालं.

मला आधी वाटलं, माझ्याशी काही बोलताहेत. पण ते सभागृहाकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना काही वेगळं घडलंय असं वाटत नव्हतं. वाक्यामागून वाक्य, तंजावरच्या मराठीत, शांतपणे. पुढच्या रांगेत कुणी कानातलं श्रवणयंत्र चाचपलं. डायरेक्टरांच्या भुवया वर गेल्या. नैरोबीच्या बाई माझ्याकडे पाहत होत्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत शंका होती.

मी उठून त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले. "या विषयावर अध्यक्षांना आपल्या मातृभाषेत बोलायचं आहे," मी इंग्रजीत म्हटलं. "मी भाषांतर करते."

ते जे बोलत होते ते विस्कळीत नव्हतं. स्लाइडवर नव्हतं, पण विस्कळीत नव्हतं. तुमची इमारत सुंदर आहे. इमारतीसाठी तुम्ही बियाण्याकडची तीन माणसं नेलीत. ती परत द्या. दोन हंगाम नवं काही करू नका, जे आहे ते जिवंत आहे का एवढंच बघा. जी बाई तिथे बसते तिला दोष देऊ नका, तिला थंडी वाजते तरी ती बसते. मी एकेक वाक्य इंग्रजीत आणत होते. डायरेक्टर ताठ झाले होते. मसुद्यात नसलेली गोष्ट आता सगळ्यांसमोर होती, आणि ती मी बोलत होते.

मग मामा म्हणाले, "हें समस्त बी इथें अडगु ठेविलें आहे." आणि थांबले.

अडगु. मला शब्द माहीत नव्हता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. अडगु म्हणजे अडगळच असणार, असं मनाशी म्हटलं आणि इंग्रजीत सांगून मोकळी झाले, "हे सगळं बी इथे अडगळीसारखं पडलं आहे."

निधीवाल्यांपैकी एकाने झटकन काहीतरी लिहून घेतलं. डायरेक्टर म्हणाले, "हा आमचा अपमान आहे." आणि मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मॅडम उभ्या होत्या. "ते अडगळ म्हणाले नाहीत," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "ते अडगु म्हणाले. तो आमचा तमिळ शब्द आहे. अडगु म्हणजे गहाण. बाई अडचणीत दागिना गहाण ठेवते, तो दुकानदाराचा होत नाही. तिला तो परत द्यावा लागतो. हे बी गावच्या लोकांनी आपल्याकडे असं ठेवलंय, असं ते म्हणाले."

मी मामांकडे पाहिलं. "सरी," ते म्हणाले. बरोबर.

मॅडम बसल्या नाहीत. "आणि ते परत देता येईल की नाही, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं मी ते तपासलेलं नाही."

"हे मला कुणी सांगितलं नव्हतं," डायरेक्टर म्हणाले.

"मी दोनदा मेल केला होता, सर. आपल्यालाच."

त्यानंतर सभागृहात काय काय झालं त्याच्या माझ्या नोंदी नाहीत. मी लिहायचं विसरले. मला एवढंच आठवतं की मामा खुर्चीत बसले आणि माझ्या कानाशी वाकून, अगदी साध्या आवाजात विचारलं, "त्या बाई कोण?"

अहवालातलं गुळमुळीत वाक्य काढून सरळ वाक्य घातलं गेलं. आता पुराव्याचा प्रश्नच उरला नव्हता, सगळ्यांसमोर सांगितलेलं होतं. निधी थांबला नाही, पण चाचण्या आधी, इमारत नंतर, अशी अट आली. डायरेक्टर मुदत संपल्यावर दुसऱ्या देशात गेले. पुढच्या पावसाळ्यानंतर मॅडमचा मला फोन आला. तिन्ही माणसं परत मिळाली होती. बरंचसं बी जिवंत निघालं होतं. राळ्याचे काही वाण मात्र अजिबात उगवले नाहीत, आणि ते शोधायला त्या स्वतः डोंगरातल्या गावांत जाऊन आल्या होत्या. काही मिळाले, काही कुणाकडेच उरले नव्हते. "सर कसे आहेत?" त्यांनी विचारलं. "त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं ना, मी खोटं बोलतेय ते?"

मी हो म्हटलं. मग दिवसभर अस्वस्थ वाटलं.

त्याच आठवड्यात अहवालाची एकदाची छापून आलेली प्रत घेऊन मी वेस्ट मांबलमला गेले. मामींनी कॉफी दिली. मामा खिडकीजवळ बसले होते. मला पाहून "ये, म्मा" म्हणाले आणि घरची चौकशी केली. मी आधी माझी चूक कबूल केली. अडगुचं अडगळ केलं ते.

त्यांनी विचार केला. "अडगळ वाईट नाही," ते म्हणाले. "त्यांना लागलं असेल."

मग मी ते विचारलं जे विचारायला खरं तर आले होते. "मामा, बियाण्याच्या मॅडमना तुम्ही एकच प्रश्न तीनदा विचारलात. ते मुद्दाम होतं का?"

"तीनदा?"

"हो. तीन दिवस."

मामींनी स्वयंपाकघरातलं नळाचं पाणी बंद केलं. मामा माझ्याकडे पाहत राहिले, आणि मला वाटलं, मी विचारायला नको होतं. पण ते चिडले नाहीत. "मला आठवत नाही, म्मा," ते म्हणाले. "पण विचारलं असेल, तर पहिल्या दोन उत्तरांनी समाधान झालं नसेल."

कॉफी संपवून मी निघाले. मामी माझ्याबरोबर जिना उतरून फाटकापर्यंत आल्या. त्यांची मराठीही तशीच, फक्त अधिक सावकाश.

"हे दोन वर्षांपासून आहे," त्या म्हणाल्या. "अध्यक्ष व्हायचं पत्र आलं तेव्हा मी नको म्हटलं. ते म्हणाले, एवढं एक करतो. तिथे काही घोटाळा नाही ना केला त्यांनी?"

"नाही, मामी."

"तसे आधीपासूनच असे. लग्न ठरलं तेव्हा माझं शिक्षण चार वेळा विचारलं, माझे वडील वैतागले होते. त्यामुळे नवं काय आणि जुनं काय, मलाच कळत नाही." त्या फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "एक सांगू? पुढच्या वेळी येशील तेव्हा दारातच नाव सांग. आज ते तुला ओळखत नव्हते. ओळखल्यासारखं करतात, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. आणि मग दिवसभर मला विचारतात, कोण आली होती."

त्यानंतर मी पाच-सहा वेळा गेले. प्रत्येक वेळी दारात उभी राहून माझं पूर्ण नाव सांगितलं, माहेर परभणीकडचं म्हणून सांगितलं, कुठे काम करते ते सांगितलं. आणि प्रत्येक वेळी ते म्हणाले, "माहीत आहे, म्मा. ये आत."